खासदारांचं प्रगतिपुस्तक : सोसायटी ग्रुपवर रविवारी झालेली चर्चा

ए-203 काका : कालपासून फिरतोय तो तक्ता सगळ्यांनी पाहिला ना? आपले खासदार : हजेरी 91 टक्के, प्रश्न 400 च्या वर. शेजारच्या मतदारसंघातल्या बाई : हजेरी शून्य, प्रश्न शून्य. आपण माणूस बरोबर निवडला.

बी-404 मावशी : काका, त्या बाई केंद्रात राज्यमंत्री आहेत. मंत्र्यांना हजेरीपटावर सही करावी लागत नाही. आणि मंत्री सभागृहात प्रश्न विचारत नाहीत, उत्तरं देतात. त्यामुळे त्यांच्यापुढचं शून्य हे कामाचं माप नाहीच. असा तक्ता पुढे पाठवण्याआधी एवढं तरी बघायला हवं.

ए-203 काका : हे ठाऊक नव्हतं. पण आपल्यांचे 400 प्रश्न तर खरे आहेत?

बी-404 मावशी : खरे असतील. पण त्यातले तारांकित किती? लोकसभेत दिवसाला 20 तारांकित आणि 230 अतारांकित प्रश्न लागतात. तारांकितांची निवड सोडतीनं होते. मंत्री उभं राहून उत्तर देतात आणि वर उपप्रश्न विचारता येतो, खरी कसोटी तिथे लागते. अतारांकिताचं उत्तर लेखी येतं आणि पटलावर ठेवलं जातं. एकाच प्रश्नाखाली चार-पाच खासदारांची नावं असतात, आणि मोजताना प्रत्येकाच्या खात्यात तो एक धरला जातो. 2005 साली पैसे घेऊन प्रश्न विचारल्याबद्दल 11 खासदारांची खासदारकी गेली होती, 10 लोकसभेचे आणि 1 राज्यसभेचा. म्हणून म्हणते, प्रश्न मोजू नका, वाचा. संसदेच्या संकेतस्थळावर प्रत्येक प्रश्न उत्तरासकट आहे.

डी-502 : आम्हाला त्या प्रश्नांचं काय? समोरचा रस्ता कधी होणार ते विचारा.

बी-404 मावशी : दादा, तो रस्ता नगरसेवकाला विचारायचा. खासदाराच्या हाती वर्षाला 5 कोटींचा स्थानिक विकास निधी असतो, त्याचा हिशेब जरूर मागा. पण आपण त्यांना मुळात कायदे करायला पाठवलंय.

सी-101 : मावशी, मग कुठल्या विधेयकाला त्यांनी काय मत दिलं, हे तक्त्यात का नाही? मी पहिल्यांदा मतदान केलं तेव्हाही हेच शोधत होतो. काही सापडलं नाही.

बी-404 मावशी : कारण बहुतेक वेळा ती नोंदच होत नाही रे. विधेयकं बहुतांशी आवाजी मतदानानं मंजूर होतात. बाजूचे 'होय' म्हणतात, विरोधातले 'नाही' म्हणतात, अध्यक्ष आवाजावरून निकाल देतात. कोण काय म्हणालं ते कुठेही लिहिलं जात नाही. कुणी मतविभागणी मागितली तरच बटणं दाबायची : हिरवं होय, लाल नाही, पिवळं तटस्थ. मग नावानिशी यादी छापली जाते.

घटनादुरुस्तीला मात्र एकूण सदस्यांचं बहुमत आणि हजर राहून मत देणाऱ्यांचे दोन-तृतीयांश लागतात, त्यामुळे तिथे मोजणी टळत नाही. महिला आरक्षणाचं विधेयक सप्टेंबर 2023 मध्ये लोकसभेत 454 विरुद्ध 2 असं मंजूर झालं, ते आपल्याला आकड्यासकट सांगता येतं ते यामुळेच. याउलट 20 सप्टेंबर 2020 ला राज्यसभेत कृषी विधेयकं आली तेव्हा विरोधकांनी मतविभागणी मागितली, गोंधळ झाला आणि विधेयकं आवाजी मतदानानं मंजूर झाली. त्या कायद्यांच्या बाजूचे असा किंवा विरोधातले, पण त्या दिवशी आपल्या राज्याच्या कुठल्या सदस्यानं काय मत दिलं, हे आज कुणालाच दाखवता येत नाही. मला हे फार लागतं. आपलं मत गुप्त असायलाच हवं. त्यांचं का असावं?

ए-203 काका : पण मतविभागणी झाली तरी बटण पक्ष सांगेल तेच दाबणार ना?

बी-404 मावशी : बरोबर बोललात. 1985 च्या 52 व्या घटनादुरुस्तीनं दहावं परिशिष्ट, म्हणजे पक्षांतरबंदी कायदा आला. व्हिप, म्हणजे पक्षाचा आदेश, मोडून मत दिलं किंवा मतदानाला गैरहजर राहिलं आणि पक्षानं 15 दिवसांत माफ केलं नाही, तर सदस्यत्व जाऊ शकतं. आयाराम-गयाराम थांबवायला ते आणलं, त्याची गरजही होती. 1999 मध्ये वाजपेयींचं सरकार 269 विरुद्ध 270 असं एका मतानं पडलं, तेव्हा एका मताची किंमत देशानं पाहिली आहे. पण सरकार पडण्याचा प्रश्नच नसेल अशा साध्या विधेयकालाही व्हिप काढता येतो, तिथे खासदाराचं स्वतःचं मत दबून जातं.

सी-101 : म्हणजे बघण्यासारखं काही उरतच नाही?

बी-404 मावशी : उरतं ना. चर्चेत काय बोलले, दुरुस्त्या सुचवल्या का, खासगी विधेयक, म्हणजे मंत्री नसलेल्या खासदाराचं स्वतःचं विधेयक, आणलं का. आपल्या कोकणातलेच बॅरिस्टर नाथ पै आठव. मूलभूत हक्कांना संसदेला हात लावता येणार नाही, असा गोलकनाथ खटल्याचा निकाल 1967 मध्ये लागला. त्याच वर्षी राजापूरच्या या विरोधी खासदारानं खासगी विधेयक मांडलं, की राज्यघटनेत दुरुस्ती करण्याचा अधिकार संसदेला आहे. ते संयुक्त समितीकडे गेलं, देशभर त्यावर वाद झाला, पण मंजूर झालं नाही. जानेवारी 1971 मध्ये नाथ पै गेले, आणि त्याच वर्षी सरकारनं 24 वी घटनादुरुस्ती आणली, तिचा गाभा तोच होता. काकांच्या तक्त्यात हे कसं दिसलं असतं? 'खासगी विधेयक 1, मंजूर 0.' आजवर अशी 14 च विधेयकं मंजूर झाली आहेत, शेवटचं 1970 मध्ये.

शिवाय स्थायी समित्या आहेत. विधेयकाची खरी चिरफाड तिथे होते, पण बैठका बंद दाराआड. आपले खासदार कुठल्या समितीत आहेत, कुणाला माहीत आहे?

सचिव : मला नाही. पत्र लिहून विचारू या का सोसायटीतर्फे?

बी-404 मावशी : सोसायटीच्या लेटरहेडवर नको. ज्यांना वाटतं त्यांनी मतदार म्हणून सह्या करू या.

(संध्याकाळी)

सी-101 : मावशी, दुपारभर शोधत होतो. मागच्या अधिवेशनातली एक मतविभागणी सापडली. आपल्या खासदारांचं नाव 'होय'मध्ये नाही, 'नाही'मध्ये नाही, तटस्थांतही नाही. पण त्या दिवशीच्या हजेरीपटावर सही आहे.

बी-404 मावशी : यादीखालची बारीक टीप बघ. बटण नीट लागलं नाही तर चिठ्ठीवर मत देतात, ती दुरुस्ती तिथे छापतात. आधी खात्री, मग आरोप.

सी-101 : पाहिली. तिथेही नाव नाही.

बी-404 मावशी : मग तारीख आणि विधेयकाचं नाव पत्राच्या पहिल्या ओळीत घाल. त्या वेळी सभागृहात का नव्हतात, एवढंच विचार.

ए-203 काका : तो तक्ता मी दोन ग्रुपवर पाठवला होता, तिथे दुरुस्ती टाकतो. पत्र झालं की माझ्याकडे आणा, पहिली सही मी करतो.