हकलबेरी फिनचं मन त्याला खात होतं, पण ते मन कुणाचं?

तिसरा प्रहर (धागा)

मार्क ट्वेनच्या 'हकलबेरी फिन'मधल्या एका चिठ्ठीपाशी मी गेले पंधरा दिवस अडकलो आहे. म्हणून हा धागा.

ज्यांनी वाचलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अमेरिकेत गुलामगिरी कायदेशीर होती तेव्हाची, मिसिसिपी नदीकाठची गोष्ट. हक तेरा-चौदा वर्षांचा, दारुड्या बापाच्या मारातून निसटलेला. जिम हा मिस वॉटसन नावाच्या बाईचा गुलाम. बाई आपल्याला ८०० डॉलरला खाली न्यू ऑर्लिन्सकडे विकणार, हे कानावर पडताच तोही पळतो. दोघं एका तराफ्यावरून रात्री-रात्री नदीने प्रवास करतात. वाटेत गळ्यात पडलेले दोन भामटे एक दिवस जिमला परस्पर ४० डॉलरला विकून टाकतात.

आणि हकचं मन त्याला खायला लागतं. कशाबद्दल, तर जिने आपलं कधी काही वाकडं केलं नाही अशा गरीब म्हातारीचा गुलाम आपण पळवला याबद्दल. आपण रविवारच्या शाळेत गेलो असतो तर असं करणाऱ्याला नरक मिळतो हे तिथे शिकलो असतो, असं त्याला वाटतं. तो प्रार्थनेला गुडघे टेकतो, पण शब्द फुटत नाहीत. मग तो कागद-पेन्सिल घेतो आणि मिस वॉटसनला लिहितो की तुमचा पळालेला गुलाम अमुक ठिकाणी आहे, बक्षीस पाठवा, ते लोक त्याला सोपवतील.

लिहिल्याबरोबर त्याला हलकं वाटतं. सगळं पाप धुऊन निघाल्यासारखं, आयुष्यात पहिल्यांदाच! हे वाचताना माझ्या अंगावर काटा आला होता. एका माणसाला साखळदंडात परत धाडणारा कागद हातात, आणि पोराला पवित्र वाटतंय.

पण तो लगेच प्रार्थना करत नाही. कागद खाली ठेवून विचार करत बसतो. आपली झोपमोड होऊ नये म्हणून जिम स्वतःचा पहारा संपल्यावर आपलाही पहारा देत उभा राहायचा, हे त्याला आठवतं. धुक्यात चुकून परत सापडलो तेव्हा जिमला झालेला आनंद आठवतो. तो कागद पुन्हा उचलतो. हात थरथरतोय. ठीक आहे, मग मी नरकात जाईन, असं म्हणून तो चिठ्ठी फाडून टाकतो.

या प्रसंगाला सर्रास 'व्यक्तीची सदसद्विवेकबुद्धी विरुद्ध समाज' असं म्हटलं जातं. मला ते साफ चूक वाटतं. इथे सदसद्विवेकबुद्धी समाजाच्याच बाजूने बोलते आहे. हक जिंकतो तो तिचं न ऐकल्यामुळे. ट्वेनने स्वतः १८९५ साली टिपणवहीत लिहिलं होतं की या पुस्तकात एक निकोप हृदय आणि एक विकृत सदसद्विवेकबुद्धी यांची टक्कर होते आणि त्यात बुद्धी हरते. तो स्वतः मिसूरीत, गुलाम बाळगणाऱ्या घरात वाढला. शाळकरी वयात गुलामगिरीत काही गैर आहे हे आपल्याला ठाऊकच नव्हतं, गावातलं चर्च तर ती देवाला मान्य असल्याचं सांगायचं, असं त्याने आत्मचरित्रात लिहून ठेवलंय.

म्हणून 'आतला आवाज ऐका' या सल्ल्याची मला भीती वाटते. आतला आवाज आत कुणी ठेवला हे आधी विचारायला हवं. तुम्हाला काय वाटतं?

उंबरठा

सहमत नाही. निकोप हृदयावर तुम्ही फार भार टाकताय.

चिठ्ठी फाडल्यानंतरचं पुढचंच प्रकरण उघडा. जिमला जिथे कोंडून ठेवलंय त्या फेल्प्सच्या मळ्यावर हक पोचतो आणि उशीर का झाला याची थाप मारतो: आगबोटीवर स्फोट झाला. मळ्याची मालकीण सॅली मावशी विचारते, कुणाला इजा? तो म्हणतो, नाही, एक काळा मेला. ती म्हणते, बरं झालं, कधीकधी माणसंही दगावतात. नरक पत्करून आलेल्या मुलाच्या तोंडी हे वाक्य आहे!

थाप मारताना तो समोरच्या बाईला पटेल तेच बोलतोय, हे मान्य. पण सोळाव्या प्रकरणात तो कुणालाही फसवत नाहीये. जिम म्हणतो, स्वतंत्र झालो की पैसे साठवून बायकोला सोडवीन, मग दोघं मिळून मुलांना विकत घेऊ, आणि मालक विकत नसेल तर कुणाकरवी तरी चोरवून आणू. हे ऐकून हक गोठून जातो. ज्याने माझं काही बिघडवलं नाही अशा माणसाची मुलं हा चोरणार! जिमवर त्याचं प्रेम आहे, पण जिमची मुलं त्याने पाहिलेली नाहीत. त्यामुळे ती त्याच्या लेखी अजून कुणाची तरी मालमत्ताच आहेत.

डोळ्यांसमोरच्या माणसासाठी पाझर फुटतो. न पाहिलेल्यांसाठी तत्त्व लागतं. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केलं ते अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना. पुण्यातल्या माणसाने मिसिसिपीवरचा एकही गुलाम पाहिला नव्हता. तरी तिथला अन्याय आणि इथला शूद्रातिशूद्रांवरचा अन्याय एकाच जातीचा आहे हे त्याला कळलं. ते कळायला विचार लागतो, आणि विचार समाजातूनच येतो, चर्चेतून, पुस्तकांतून, संघटनेतून. गुलामगिरी १८६५ मध्ये संपली ती युद्धाने आणि घटनादुरुस्तीने. पोरांनी चिठ्ठ्या फाडल्याने संपली नाही.

तिसरा प्रहर

उंबरठा, सॅली मावशीचा मुद्दा जोरदार आहे, मान्य. पण सोळावं प्रकरण तुम्ही अर्ध्यावर सोडलंत.

हक जिमला पकडून द्यायचंच ठरवतो. किनाऱ्यावर चौकशी करून येतो असं सांगून होडी काढतो. जिमला यातलं काहीच ठाऊक नाही. तो लगबगीने होडी तयार करतो आणि हकला बसायला तळाशी स्वतःचा जुना कोट अंथरतो. तो कोट मला विसरता येत नाही. वल्हं मारत हक निघतो तेव्हा मागून जिम ओरडतो की तूच एकटा गोरा, ज्याने जिमला दिलेला शब्द पाळला. पुढे बंदुका घेतलेले दोघं भेटतात, पाच पळालेल्या गुलामांच्या शोधात. तराफ्यावरचा माणूस गोरा की काळा, असा सरळ प्रश्न येतो. हकला बोलायचंय पण जीभ उचलत नाही. शेवटी म्हणतो, गोरा. वर तिथे देवीचा रोग आल्याचा संशय त्यांच्या मनात भरवून देतो. ते घाबरून २०-२० डॉलरची दोन सोन्याची नाणी फळीवर ठेवून पाण्यावरून त्याच्याकडे सोडतात आणि निघून जातात.

इथे कुठलं तत्त्व होतं? एकही नाही. आणि त्या गावात तत्त्व सांगणारे कोण होते? पाद्री, न्यायाधीश, शिक्षक. सगळे मालमत्तेच्या हक्काचं तत्त्वच सांगत होते.

मुंबईतली एक हकीकतही सांगतो. जानेवारी १८९६ मध्ये ट्वेन व्याख्यानांच्या दौऱ्यावर मुंबईत आला, वॉटसन हॉटेलात उतरला. काळा घोड्याची ती लोखंडी सांगाड्याची इमारत अजून उभी आहे. खोलीच्या व्हरांड्याच्या दाराचं काहीतरी बिघडलं होतं, एक देशी नोकर गुडघ्यावर बसून ते नीट करत होता. बरोबरच्या दांडग्या जर्मनाला काम पसंत पडलं नाही. काय चुकलं ते सांगायच्या आधी त्याने नोकराच्या जबड्यावर एक ठेवून दिली. नोकर काही बोलला नाही. ट्वेन लिहितो, असं मी ५० वर्षांत पाहिलं नव्हतं. गुलामाला आपली इच्छा कळवायची लहानपणी हीच रीत होती, हे त्याला एकदम आठवलं. पाठोपाठ दुसरी आठवण. तो दहा वर्षांचा असताना एका माणसाने गुलामाला लोखंडाच्या दगडाचं ढेकूळ फेकून मारलं, गुन्हा एवढाच की त्याच्या हातून काम धसमुसळेपणाने झालं. गुलाम तासाभरात गेला. मालकाला तो हक्क आहे हे पोराला माहीत होतं. तरी ते केविलवाणं, काहीतरी चुकीचं वाटलं. का चुकीचं, हे कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं, असं तो म्हणतो.

कारण सांगता येत नसतानाही जे चुकीचं वाटलं, त्याच्याबद्दल मी बोलतोय.

उंबरठा

आणि मुंबईत त्या जर्मनाला ट्वेनने थांबवल्याचं लिहिलंय का? नाही. आपल्या सगळ्यांदेखत असं करणं लाजिरवाणं वाटलं, एवढंच लिहिलंय. नोकराने थप्पड निमूट खाल्ली. हॅनिबल या ट्वेनच्या गावातही त्या गुलामाच्या खुनाला कुणाची मान्यता नव्हती, पण कुणी फारसं बोललंही नाही, हेही तोच लिहितो. म्हणजे हृदयं गावभर निकोप होती! नुसतं वाटून घेणारी माणसं अन्यायाला फार सोयीची असतात, हे मी अतिशय गांभीर्याने म्हणते आहे.

एडिसनकर

आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलगी अकरावीत असताना हे पुस्तक वर्गात होतं. मूळ आवृत्तीत काळ्यांसाठीचा तो घाणेरडा शब्द दोनशेहून जास्त वेळा येतो, २०११ साली एका प्रकाशनाने त्याजागी 'गुलाम' घालून आवृत्ती काढली तेव्हा मोठा वाद झाला होता. मुलीच्या वर्गात मूळ आवृत्तीच होती आणि उतारे मोठ्याने वाचले जात. वर्गात कृष्णवर्णीय मुलगा एकच. तो शब्द आला की सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळत. मुलगी घरी येऊन म्हणाली, आई, तो पूर्ण तास बाकावरच्या एका रेघेवर बोट फिरवत बसतो. पुस्तकावर बंदी घाला असं मी म्हणणार नाही, पण ते बोट माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

तुम्ही दोघं इतका वेळ हकच्या मनाबद्दल बोलताय. जिमला मन नाही का?

तेविसावं प्रकरण पाहा. पहाटे जिम गुडघ्यांत डोकं घालून कण्हतोय. हकला सांगतो: मुलगी एलिझाबेथ, चार वर्षांची, लाल तापातून उठलेली. मी म्हटलं, दार लाव. ती हसत उभीच. पुन्हा ओरडलो, तरी हसतेय. कानफटात मारली, ती कोलमडली. दहा मिनिटांनी आलो तर दार उघडंच, पोर रडतेय. तेवढ्यात वाऱ्याने तिच्या पाठीमागे दार धाडकन आपटलं आणि ती हललीसुद्धा नाही. मग मागून हळूच जाऊन मी तिच्या कानाशी जोरात ओरडलो, तरी ती तशीच. तापात पोर पार बहिरी झाली होती.

तिसरा प्रहर, ही टोचणी जिमच्या आत कुठल्या समाजाने ठेवली? गोऱ्यांच्या जगाच्या लेखी ती पोर मालमत्ता होती, तिला मारल्याबद्दल त्याला कुणी जाब विचारणार नव्हतं. तुमचा सिद्धांत हकपुरता खरा, जिमपाशी तो मोडतो. पुढे हकचा मित्र टॉम सॉयर याच्या पोटरीत गोळी लागते तेव्हा पळून जायची संधी सोडून जिम डॉक्टर आणायला लावतो, लपलेला बाहेर येऊन शुश्रूषा करतो आणि पुन्हा पकडला जातो. नरकाची भाषा न करता त्याने स्वातंत्र्यच पणाला लावलं. पर्सिव्हल एव्हरेटने २०२४ मध्ये 'जेम्स' लिहून हीच कथा जिमच्या तोंडून सांगितली, कारण हे एवढी वर्षं कुणाला दिसतच नव्हतं.

तिसरा प्रहर

एलिझाबेथच्या प्रसंगाला माझ्याकडे उत्तर नाही. ते प्रकरण वाचून मी हकचं वाक्य लक्षात ठेवलं होतं, की गोऱ्यांना आपल्या माणसांबद्दल वाटतं तसंच यालाही वाटत असावं. आपली व्यथा सांगणारा जिम मात्र विसरलो. धाग्याचं शीर्षक बदलता आलं असतं तर 'कुणाचं?' याच्या पुढे जिमचं नाव जोडलं असतं. मात्र हकबद्दलचं म्हणणं मागे घेत नाही.

जुना वाचक

शेवटाबद्दल कुणीच बोलत नाही? हेमिंग्वेने १९३५ मध्ये या पुस्तकाला आधुनिक अमेरिकन साहित्याचं उगमस्थान म्हटलं, आणि लगेच बजावलं की जिम चोरला जातो तिथे थांबा, पुढे फसवणूक आहे. ती फसवणूक अशी: टॉम येतो आणि जिमला कोठडीतून सोडवायचा खेळ मांडतो. पुस्तकांत वाचलेले भुयार, साप, उंदीर, रक्ताने लिहिलेल्या नोंदी. आठवडेच्या आठवडे. मिस वॉटसन दोन महिन्यांपूर्वी वारली आणि मृत्युपत्रात तिने जिमला मुक्त केलंय, हे टॉमला पहिल्यापासून ठाऊक असतं. नरक पत्करलेला हक या पोराच्या मागे मुकाट्याने चालतो. समाजाने त्याला एका मित्राच्या रूपात परत जिंकलं, असं मी वाचतो. शेवटी पश्चिमेच्या प्रदेशात पळून जायचं ठरवतो, तीसुद्धा पळवाटच.

उंबरठा

जुना वाचक, मला शेवट उलट फार खरा वाटतो. ट्वेन हे १८७६ ते १८८३ या काळात लिहीत होता. १८७७ मध्ये दक्षिणेतून केंद्राचं सैन्य मागे घेतलं गेलं आणि कागदावर मुक्त झालेल्या माणसांना कायद्याच्या आडून, तुरुंगातले मजूर म्हणून, पुन्हा जुंपणं वाढत गेलं. कागदावर मुक्त असलेला जिम पायात बेडी घालून खोपटात पडलाय आणि गोरी पोरं त्याच्या सुटकेचा खेळ खेळतायत, हे त्या वर्षांचं चित्रच आहे. ट्वेनच्या मनात तसं होतं की नाही, हे मी सांगू शकत नाही.

एडिसनकर

त्या खेळात नीट कैदी झाल्याबद्दल टॉम शेवटी जिमला पैसे देतो. किती, तर ४० डॉलर. भामट्यांनी त्याला विकला तेव्हाची रक्कम, आणि त्या बंदूकवाल्या दोघांनी फळीवर सोडली तीही. जिम खूश होतो, छातीवर केस असलेला माणूस श्रीमंत होतो हे आपण सांगितलंच होतं, म्हणतो.

त्याची बायको आणि दोन्ही मुलं अजून मिसूरीतच, मालकाच्या ताब्यात. शेवटच्या प्रकरणात त्यांच्याबद्दल एक ओळही नाही. मी दोनदा तपासलं.