सिंकथिंगमध्ये नेमक्या तीनच फाईली घरी पोचंनात, बाकी सगळ्या जातात

खडेबाजार_टायपिंग
नमस्कार मंडळी, डोकं फिरायची पाळी आलीय म्हणून लिहितोय. शहापुरात आमचं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान, घर खानापूरला. एका सोसायटीच्या याद्यांचं काम आहे, मराठी आणि कन्नड दोन्ही. दुकानात विंडोजचा पीसी, घरी बायकोच्या लॅपटॉपवर लिनक्स, मधी सिंकथिंग (दोन्ही मशीनवरचं फोल्डर आपोआप सारखं ठेवणारं सॉफ्टवेअर). दर महिन्याला सेक्रेटरी पेनड्राईव्हवर झिप आणून देतात, मी ती फोल्डरात सोडवतो आणि रात्री बायको घरी बसून त्यात हप्ते भरते.

पहिल्या महिन्यात एकदम सुरळीत. दुसऱ्या महिन्यापास्नं सहातल्या तीन फाईली घरी जातच नाहीत. 'शेतकऱ्यांची यादी', 'कर्मचाऱ्यांचा पगार' आणि 'दुसऱ्या हप्त्याची थकबाकी'. 'ठेव खाते', 'कर्ज वसुली', 'सभासद नोंद' ह्या मात्र मी दुकानाचं शटर ओढायच्या आत पोचलेल्या असतात. लॅपटॉपवर हिरवं 'अप टू डेट' दाखवतंय आणि फाईल उघडली की आत मागच्या महिन्याचा हिशोब. बायकोनं परवा दोन तास बसून जुन्याच यादीत हप्ते भरले, पुढचं काय झालं ते सांगत नाही.

नेट बदललं, दोन्ही मशीन रिस्टार्ट केल्या, सिंकथिंग काढून परत घातलं, फायरवॉलमध्ये २२००० पोर्ट उघडला. काय फरक नाही. कुणाला कळतंय का बघा की.

निपाणीचा_संगणकवाला
एक्सेलमध्ये फाईल उघडी ठेवून तसंच घरी जात नाही न्हवं? विंडोज उघडी फाईल धरून ठेवतंय, मग दुसऱ्याला हात लावू देत नाही. नाहीतर दोन्हीकडची तारीख-वेळ बघा, आमच्यात एका पीसीचा सेल गेला होता, करंट गेला की घड्याळ सरळ २००९ मध्ये.

खडेबाजार_टायपिंग
नाही ओ, सगळं बंद करून जातो. घड्याळ पण बरोबर आहे.

टिळकवाडी_लिनक्स
दादा, पोर्टचा किंवा नेटचा घोळ असता तर एकपण फाईल गेली नसती. तीन जातात न् तीन अडतात म्हणजे फाईलीतच काहीतरी आहे. लॅपटॉपचं हिरवं बघू नका, दुकानच्या पीसीनं फाईल आहे असं कळवलंच नसेल तर त्या बिचाऱ्याला सगळं आलंय असंच वाटणार. दुकानच्या पीसीवर ब्राउझरमध्ये सिंकथिंगचं ८३८४ पोर्टवरचं पान उघडा, त्या फोल्डरवर क्लिक करा, 'फेल्ड आयटम्स' अशी ओळ आहे का बघा आणि जे लिहिलंय ते जसंच्या तसं इथं टाका. आणि अजून एक, फोल्डरात 'शेतकऱ्यांची यादी' एक आहे का दोन?

खडेबाजार_टायपिंग
आयला, दोन आहेत! तिन्हीच्या दोन-दोन. नाव अगदी सेम, एक काना-मात्रा इकडं-तिकडं नाही. मी रोज त्याच फोल्डरात असतो आणि दिसलंच नाही. विंडोज एका नावाच्या दोन फाईली ठेवून घेतंय कसं काय? आणि आता आठवलं, झिप सोडवताना बाकीच्या तीनला 'रिप्लेस करू का' विचारतंय, ह्या तीनला विचारतच नाही, मला वाटलं बरं झालं, एक क्लिक वाचला.
लाल अक्षरात लिहिलंय: 'आयटम हॅज यूटीएफ-८ एन्कोडिंग कॉन्फ्लिक्ट विथ अनदर आयटम'.

टिळकवाडी_लिनक्स
मग गावलं. तुमच्या अडलेल्या तिन्ही नावांत 'ऱ्य' किंवा 'ऱ्या' आहे, गेलेल्या तीनमध्ये कुठंच नाही. ('कर्ज'मधला रफार वेगळा, तो साधा र.)

हा 'ऱ' युनिकोडमध्ये (संगणकात प्रत्येक अक्षराला क्रमांक देणारी पद्धत) दोन तऱ्हेनं लिहिता येतो. एक म्हणजे अख्खा ऱ, क्रमांक ०९३१. दुसरं म्हणजे साधा र ०९३० आणि त्याच्या खाली नुक्ता, म्हणजे टिंब, ०९३सी. पडद्यावर दोन्ही हुबेहूब एकच, पण पहिल्याचे ३ बाइट, दुसऱ्याचे ६. विंडोज अक्षराचं रूप बघत नाही, त्याच्या लेखी ही दोन वेगळी नावं, म्हणून रिप्लेसचं विचारलं नाही. सेक्रेटरींकडं जुन्या फॉन्टमधनं युनिकोड करायचा कन्व्हर्टर असणार, त्यातनं नुक्तावाला येत असेल.

आता पहिल्या महिन्यात का चाललं ते ऐका. सिंकथिंगमध्ये 'ऑटो नॉर्मलाइझ' म्हणून सेटिंग आहे, मुळातच चालू असतं. पहिल्यांदा नुक्तावाली फाईल दिसली, त्यानं गुपचूप नाव बदलून अख्ख्या ऱ चं केलं आणि घरी पाठवली. दुसऱ्या महिन्यात परत नुक्तावाली आली, बदलायला गेलं तर त्या नावाची फाईल आधीच बसलेली. एकावर दुसरी लिहिली तर कुणाचातरी डेटा जाणार, म्हणून ते हात वर करून बसलंय. मला विचाराल तर बरोबरच केलं त्यानं.

आता जुनी फाईल लगेच डिलीट करू नका ओ! वहिनींनी भरलेले दोन तासांचे हप्ते तिच्यातच आहेत. आधी घरी फाईल बंद करायला सांगा, मग तिन्ही जुन्या फाईली तारीख बघून डेस्कटॉपवर हलवा आणि 'रीस्कॅन' दाबा. नवीनचं नाव आपोआप सरळ होईल आणि ती घरी जाईल. हप्ते मग जुनीतनं कॉपी करा.

खडेबाजार_टायपिंग
झालं! रीस्कॅन दाबलं आणि बायकोचा फोन, आली म्हणून. तुम्हाला एकदा कुंदा लागू झाला.

पण एक राहिलंच, मी मोबाईलवरनं एका फाईलीचं नाव परत टाईप करून बघितलं तर आता तिसरीच 'शेतकर्‍यांची यादी' तयार झालीय, आणि हिला लाल एररपण नाही, गुमान दोन्हीकडं जाऊन बसलीय.

टिळकवाडी_लिनक्स
तुमचा मोबाईलचा कीबोर्ड र, हलंत आणि त्याच्यापुढं एक न दिसणारं जोडचिन्ह घालतो. ही तिसरी तऱ्हा. नॉर्मलाइझ तिला शिवत नाही, कारण युनिकोडच्या हिशोबानं ते वेगळंच लिखाण आहे, म्हणून एररही नाही. नाव बदलायचं तर पीसीवर इनस्क्रिप्ट कीबोर्डनं बदला, शिफ्ट धरून जे दाबलं की अख्खा ऱ येतो. नाहीतर ऱ लाच रजा द्या, 'शेतकरी यादी', 'कर्मचारी पगार', 'हप्ता २ थकबाकी'.

चिक्कोडी_एक्सप्रेस
कन्नड फाईली पण तपासा दादा. कन्नडात दीर्घ ई, ओ असल्या मात्रासुद्धा तुकड्या-तुकड्यानं लिहिता येतात. बेळगावी लिहिलं तर काय नाही होत, पण आमच्या चिक्कोडीत 'को' आहे, त्यामुळं आमची यादी दोनदा अडकली होती. आणि नावं आखूड ठेवा. लिनक्सवर नावाला २५५ बाइटची हद्द, मराठी-कन्नड अक्षराला तीन-तीन बाइट, म्हणजे काना-मात्रा-हलंत धरून ८५ च्या आसपास खेळ खलास. विंडोजवर तेच नाव चालतंय आणि घरच्या लॅपटॉपवर अडतंय. आमच्या एका साहेबांना अख्खा विषय फाईलच्या नावात लिहायची सवय आहे.

खडेबाजार_टायपिंग
कन्नडच्या दोन गावल्या, तुमच्या चिक्कोडी शाखेच्याच. सेक्रेटरींना 'शेतकरी यादी' करा म्हटलं तर म्हणतात रजिस्टरवर 'शेतकऱ्यांची' आहे, तसंच पाहिजे. आता झिप आधी डेस्कटॉपवर सोडवतो, तिन्ही नावं हातानं बदलतो, मगच फोल्डरात टाकतो.