दिवस भरायच्या आधी कळा आणाव्या लागल्या : सोलापूरकरांचे अनुभव

माझ्या मुलीच्या जन्माची पूर्ण गोष्ट मी आजवर फक्त आईला सांगितलीय. बाकी सगळ्यांना "बीपी वाढलं, म्हणून लवकर केलं" एवढंच. मागच्या आठवड्यात शेजारच्या सुनेला 37 व्या आठवड्यात दवाखान्यात ठेवून कळा आणायचं ठरलं आणि ती रडत माझ्याकडे आली. जेल (पिशवीचं तोंड मऊ करायचं औषध) ठेवताना दुखतं का, किती तास लागतात, त्यात जेवू देतात का, कळा आल्याच नाहीत तर पुढे काय, हे तिला विचारायचं होतं. डॉक्टरांना विचारायचा धीर होईना आणि घरच्या बायकांना माहीत नव्हतं. म्हणून हे सुरू करतेय. माणसांची आणि दवाखान्यांची नावं नकोत. कितवा आठवडा, कारण काय, किती तास गेले आणि आधी कुणी सांगायला हवं होतं असं काय, तेवढं लिहा.

आधी माझं.

36 आठवडे 4 दिवस. सिद्धेश्वर यात्रेतला अक्षता सोहळ्याचा दिवस. सकाळपासून डोकं ठणकत होतं आणि डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. पायावरची सूज महिनाभर होतीच, ती सगळ्यांनाच येते असं मी धरून चालले होते. आईने गाल बघितले आणि म्हणाली, "तुझा चेहरा तुझा वाटत नाही, चल." नंदीध्वजांच्या मिरवणुकीने रस्ते बंद, रिक्षा लांबून फिरवून नेली. बीपी 160/110, लघवीत प्रोटीन. डॉक्टर म्हणाल्या, यावर औषध म्हणजे प्रसूतीच. वार निघेपर्यंत हे उतरणार नाही, आणि थांबलो तर झटके येऊ शकतात.

झटके येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियमचं इंजेक्शन दिलं, शिरेतून आणि दोन्ही कुल्ल्यांवर. अंगातून गरम वाफ गेल्यासारखं वाटतं, ते औषधानेच होतं, घाबरू नका. मग दर थोड्या वेळाने सिस्टर गुडघ्यावर हातोडी मारून बघायच्या आणि लघवी मोजायच्या. मला वाटलं माझ्या पायाला काही झालंय. औषध अंगात जास्त साठतंय का, हे त्यावरून कळतं, असं कुणीतरी एका वाक्यात सांगितलं असतं तर माझी रात्र सोपी गेली असती.

दुपारी एकला तपासणी झाली. गर्भपिशवीचं तोंड जाड, बंद. जेल ठेवलं. जेलपेक्षा ती तपासणीच जास्त दुखते. सात वाजता दुसरं जेल. पहाटे दोनला पाण्याची पिशवी फोडून सलाइनमधून कळांचं औषध सुरू झालं. आपोआप येणाऱ्या कळा हळूहळू चढतात म्हणे. या मात्र एकदम अंगावर आल्या. सकाळी पावणेबाराला मुलगी झाली, 2 किलो 250 ग्रॅम. जवळजवळ तेवीस तास. नंतर आणखी चोवीस तास मॅग्नेशियम चालू होतं, त्यामुळे तिला नीट जवळ घेतलं ते दुसऱ्या दिवशी. मग कावीळ, दोन दिवस निळ्या दिव्याखाली.

बाळंतपण झालं की बीपी संपलं असं नसतं, हे मला घरी गेल्यावर कळलं. पाचव्या दिवशी पुन्हा वाढलं, गोळ्या सहा आठवडे चालल्या. आणि पुढच्या वेळी तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासूनच कमी डोसची ॲस्पिरिन सुरू करायची असते. त्यामुळे ही हकीकत पुढच्या डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा.

होटगी रोडवरून

36 आठवडे. कारण: खाज. हो, नुसती खाज. एप्रिलमध्ये इथं 42 अंश तापमान, त्यामुळे घामोळं म्हणून मी पावडर लावत बसले. सासूबाईंनी कडुलिंबाच्या पाण्याने अंघोळ घातली. पण पुरळ कुठेच नव्हतं. खाज तळहातांना आणि तळपायांना, रात्री इतकी की मी पाय फरशीवर घासायची. सातव्या महिन्याच्या तपासणीत हे बोललेच नाही, लाज वाटली. आठव्यात बोलले तेव्हा डॉक्टरांनी पेन खाली ठेवून रक्त तपासायला पाठवलं. बाईल ॲसिड (रक्तातलं पित्ताम्ल) 48. गोळ्या सुरू झाल्या. दोन आठवड्यांनी 112. शंभराच्या वर गेलं की बाळ पोटात अचानक दगावण्याचा धोका वाढतो, आणि आदल्या दिवशीची सोनोग्राफी अगदी चांगली असली तरी त्याचा अंदाज येत नाही, असं त्यांनी समजावलं. दुसऱ्याच दिवशी दाखल. गोळ्यांनी कळा आल्या, चौदा तासांत मुलगा झाला. खाज चार दिवसांत गेली.

तळव्यांना खाज असेल तर त्याच दिवशी सांगा. तपासणीच्या तारखेची वाट बघू नका.

मंगळवेढ्याहून (मी वडील आहे, लिहिलं तर चालेल ना)

34 आठवडे. बायकोचं पाणी रात्री अकराला घरी गेलं. 108 ला फोन केला. सोलापूरला पोहोचेपर्यंत तिने माझा हात सोडला नाही. आजी मागून म्हणत होती, "सातव्यातलं जगतं, आठव्यातलं टिकत नाही." हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलोय, त्यामुळे गाडीत माझ्या डोक्यात दुसरं काहीच नव्हतं. तिथल्या बालरोगतज्ज्ञांनी पहिल्यांदा हेच खोडून काढलं. पोटात जितके आठवडे जास्त तितकी फुफ्फुसं तयार, त्यामुळे आठव्यातलं बाळ सातव्यातल्यापेक्षा केव्हाही दणकट.

बारा-बारा तासांनी चार इंजेक्शनं, बाळाच्या फुफ्फुसांसाठी. सोबत अँटिबायोटिक. मग कळांची सलाइन, कारण पाणी गेल्यावर जास्त थांबलं तर जंतुसंसर्गाची भीती. मुलगा 1 किलो 900. अकरा दिवस काचेच्या पेटीत. तिसऱ्या दिवशी सिस्टर म्हणाल्या, शर्ट काढा आणि बाळ छातीवर घ्या. बाप्यांनीही घ्यायचं असतं हे मला माहीतच नव्हतं. रोज दोन तास घेतला. आता तो दुसरीत आहे.

अक्कलकोट रोडवरून

पहिलं सीझर, दुसऱ्या वेळी मला नॉर्मल हवं होतं. 38 आठवड्यांत शुगर आटोक्यात येईना म्हणून ठरवलं. आधीचा टाका असेल तर कळा आणायच्या गोळ्या देत नाहीत, टाका उसवायचा धोका असतो. त्याऐवजी पिशवीच्या तोंडात रबराची नळी घालून तिच्या टोकाचा फुगा पाण्याने फुगवतात. संध्याकाळी घातली, पहाटे आपोआप गळून पडली, म्हणजे तोंड तीन बोटं नाही पण तीन सेंटिमीटर तरी उघडलं. दुपारी नॉर्मल झालं. विचारल्याशिवाय हा पर्याय मला कुणी सांगितला नव्हता.

विडी घरकुलातून

मी विड्या वळते. आमच्या घरी तेलुगू, बाहेर मराठी, लिहिताना चुकलं तर सांभाळून घ्या. नवव्या महिन्यातबी रोज हजार विड्या होत होत्या, कारण नाही वळल्या तर आठवड्याची मजुरी नाही. आशाताईंनी पोट मापलं आणि म्हणल्या, अक्का, बाळ वाढेना. सिव्हिलला पाठवलं. सोनोग्राफीत वारेतून रक्त कमी जातंय असं निघालं. 37 आठवडे. बाळाला आत खायला मिळत नाही, बाहेर काढून खाऊ घालू, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. ते लगेच समजलं.

जेल ठेवलं, कळा आल्या, पण प्रत्येक कळेला मशीनच्या पट्टीवर बाळाचे ठोके खाली जायला लागले. सहा तासांनी सीझर. माझी नणंद म्हणाली, सीझरच करायचं होतं तर कळा कशाला दिल्या? मीबी तेच विचारलं. बाई म्हणाल्या, कळा सोसतंय का ते बघितल्याशिवाय पोट कशाला फाडू. मला पटलं. मुलगी 1 किलो 950. पैसे लागले नाहीत, औषध, जेवण, परत यायची गाडीसुद्धा सरकारी. आता तंबाखूच्या सुपाजवळ मुलीला झोपवत नाही, तिला आतल्या खोलीत ठेवते.

सात रस्त्याहून

माझा अनुभव वेगळा आहे आणि तोही यावा असं वाटतं. 38 आठवडे, "पाणी कमी आहे" म्हणून दाखल करून घेतलं. रिपोर्टवर आकडा साडेसहा होता. बीपी, शुगर, बाळाची वाढ, हालचाल सगळं ठीक. वीस तास कळा, मग सीझर. नंतर दुसऱ्या डॉक्टरांनी सांगितलं की पाचाच्या खाली गेलं तर कमी म्हणतात, तुम्हाला थांबता आलं असतं. माझं बाळ छान आहे. पण मी आकडा विचारला नाही, हे मनातून जात नाही.

(ताई, मी धागा सुरू करणारी. त्या अवस्थेत आकडा विचारायचं सुचत नाही, आणि तो आपणहून सांगणं समोरच्याचं काम होतं. तुझ्यामुळे मी शेजारच्या सुनेला तिची फाइल आणायला लावली. आम्ही दोघींनी कारण वाचलं आणि न कळलेल्या तीन गोष्टी कागदावर लिहून दिल्या. डॉक्टरांनी तिन्हींची उत्तरं दिली.)

प्रसूतिकक्षातली सिस्टर

बावीस वर्षं हेच काम करतेय. एक हात जोडून सांगते. गावाकडे अजून "कळांचं इंजेक्शन" कमरेवर देऊन प्रसूती उरकायचा प्रकार होतो. ते औषध बाळ व्हायच्या आधी असं कधीच द्यायचं नसतं. सलाइनमधून, थेंब मोजून, ठोके ऐकत द्यायचं असतं, म्हणजे कळा फार झाल्या तर थांबवता येतं. कमरेत टोचलेलं परत काढता येत नाही. घरी कुणी द्यायला आलं तर दार लावा.

नाव, गाव काहीच लिहीत नाही

बाळाची हालचाल दोन दिवस कमी होती. गेले तेव्हा ठोके नव्हते. तरीही कळा आणूनच प्रसूती करावी लागते, पोट फाडण्यापेक्षा आईसाठी तेच सुरक्षित, हे समजायला मला तास गेला. गोळ्या दिल्या. सोळा तास. शेजारच्या खोलीतून दुसऱ्या बाळाचं रडणं ऐकू येत होतं. सिस्टरने न सांगता माझी खाट हलवली.

तिसऱ्या दिवशी दूध आलं. हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. कपडे भिजले तेव्हा मी न्हाणीघरात होते आणि पहिल्यांदा ओरडून रडले. दूध थांबवायची गोळी असते, ती दवाखान्यातून निघण्याआधी मागून घ्या. ज्यांच्या बहिणीवर, सुनेवर ही वेळ येईल त्यांनी तरी मागा, तिला सुचणार नाही.

तुम्ही आठवडा लिहायला सांगितलात. तिचाही लिहिते. 33 आठवडे, 2 दिवस. वजन 1 किलो 700. केस भरपूर होते.