गेटवरच्या भांडणाची केस : दंड भरायच्या आधी

बी-३०२ : नमस्कार सगळ्यांना. दहीहंडीच्या रात्री गेटवर जे झालं ते अर्ध्या सोसायटीने बघितलंच आहे, त्यामुळे ग्रुपवरच विचारतेय. आज आमच्या मुलाला कोर्टाचं समन्स आलं, त्यावर महाराष्ट्र पोलीस कायदा ११०, ११२ आणि ११७ लिहिलंय. शिवाय वॉचमन काकांना त्याने थोबाडीत मारली त्याची त्यांनी त्याच रात्री एनसी दिलीय ती वेगळी. समन्स घेऊन आलेला हवालदार म्हणाला ताई काही नाही हो, जायचं, कबूल म्हणायचं, दंड भरायचा, अर्ध्या तासात मोकळं. तसंच करायचं ना?

सी-५०१ : हो तसंच करा. उगाच तारखा कशाला घेत बसता, हजार बाराशेचा प्रश्न आहे

ए-१०४ : वहिनी जरा थांबा. माझी सगळी नोकरी मॅजिस्ट्रेट कोर्टात गेली, साहेबांच्या खाली बसून रोजनामा, म्हणजे प्रत्येक केसमध्ये त्या दिवशी काय झालं त्याची नोंद, लिहायचो, म्हणून सांगतो. अशा केसेस कशा संपतात ते रोज बघितलंय. अकरा वाजता शिपाई नाव पुकारतो, पोरगं पुढे येतं, साहेब आरोप सांगून विचारतात गुन्हा कबूल आहे का, पोरगं वळून पैरवीच्या हवालदाराकडे, म्हणजे कोर्टात पोलिसांचं काम बघणाऱ्याकडे बघतं, तो मान हलवतो, पोरगं हो म्हणतं, की मी लिहायला घेतो. दोन मिनिटं पण लागत नाहीत. पावती घेऊन बाहेर पडताना त्या पोराला वाटतं पार्किंगचा दंड भरला, पण रोजनाम्यात लिहिलेलं असतं आरोपी दोषी. त्याला कोणी सांगतच नाही की ही शिक्षा झाली म्हणून.

बी-३०२ : म्हणजे रेकॉर्ड होतो? काका तो पोलीस भरतीची तयारी करतोय हो 😟

ए-१०४ : तेच तर. तुमच्याकडे दोन वेगळी प्रकरणं आहेत, ती आधी वेगळी करून बघा.

एनसी म्हणजे अदखलपात्र. मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय पोलीस त्यात तपास करूच शकत नाहीत, ती स्टेशनच्या रजिस्टरमधली नोंद आहे, खटला अजून उभाच नाही. पण वॉचमन काकांनी मनात आणलं तर ते थेट कोर्टात जाऊ शकतात. मारहाणीचं ते कलम म्हणजे बीएनएस, भारतीय न्याय संहिता, ११५(२), त्यात एक वर्षापर्यंत कैद किंवा १०,००० पर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. मात्र ते आपसात मिटवता येतं, ज्याला मार बसला त्याने कोर्टात तडजोड मान्य केली की कायद्याने ती निर्दोष सुटकाच धरली जाते.

पोलीस कायद्याचं तसं नाही. तिथे तक्रारदार सरकार आहे, रस्त्यावर आरडाओरडा करून शांतता बिघडवली असं म्हणणं आहे, तर मिटवायचं कोणाशी? वॉचमन काकांनी शंभरदा लिहून दिलं तरी ती केस बंद होत नाही. त्यात फक्त दंड आहे, १२०० पर्यंत.

सी-५०१ : मग कबूल करण्याशिवाय पर्याय काय? नाकबूल केलं की साक्षीपुरावे, तारीख पे तारीख

ए-१०४ : आहे ना पर्याय, आणि तो कोणी मागत नाही म्हणून मिळत नाही. १९५८ चा प्रोबेशनचा कायदा आहे, कलम ३. आधी कुठली शिक्षा झालेली नसेल आणि गुन्हा दोन वर्षांच्या आतला किंवा नुसत्या दंडाचा असेल तर कोर्ट शिक्षा न देता समज देऊन सोडू शकतं, आणि कलम १२ म्हणतं की अशा दोषी ठरण्यामुळे नोकरीबिकरीची जी अपात्रता येते ती लागू होत नाही. देणं न देणं साहेबांच्या हातात आहे, पण वकिलाने अर्ज दिला, पोराचं वय, कॉलेज, पहिलीच चूक हे मांडलं तर विचार होतो. मी असे अर्ज मंजूर होताना बघितलेत. खऱ्याला खरं म्हणून कबूल करायला माझी ना नाही, त्याने शिव्या दिल्यात ते सगळ्यांनी ऐकलंय, पण कबूल म्हणायच्या आधी तो अर्ज साहेबांपुढे गेला पाहिजे.

एक आणखी बघा, नुसत्या दंडाच्या गुन्ह्यात प्रकरण सहा महिन्यांच्या आत कोर्टात दाखल व्हावं लागतं. घटनेची तारीख आणि दाखल केल्याची तारीख वकिलाला जुळवायला सांगा.

डी-२०३ : माझ्या ऑफिसातल्या एकाला अशाच भांडणात एसीपी ऑफिसला बोलावून बॉण्ड लिहून घेतला होता, ते पण हेच का

ए-१०४ : नाही, ती चॅप्टर केस. पुढे शांतता राखीन असं जास्तीत जास्त वर्षभरासाठी लिहून घेतात. झालेल्या गोष्टीची शिक्षा नसते ती.

सेक्रेटरी : दारू पिऊन होता असं पण म्हणत होते लोक

ए-१०४ : ते कलम समन्सवर नाहीये. बीएनएस ३५५ लागलं असतं तर २४ तासांपर्यंत साधी कैद किंवा १००० पर्यंत दंड किंवा दोन्ही, किंवा समाजसेवा. १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या कायद्यात समाजसेवा ही शिक्षा मोजक्या गुन्ह्यांना आहे त्यातला हा एक. मला स्वतःला ती दंडापेक्षा बरी वाटते, दंड शेवटी बापाच्या खिशातून जातो.

बी-३०२ : काका भरतीच्या फॉर्ममध्ये मग काय लिहायचं? कोणीतरी म्हणालं काहीच लिहू नको, कोण बघतंय

ए-१०४ : असं चुकूनही करू नका!! फॉर्म जे विचारतो त्याचं खरं उत्तर लिहायचं, समज देऊन सोडलं असलं तरी लिहायचं. व्हेरिफिकेशनमध्ये कळतंच आणि मग केस राहते बाजूला, लपवलं म्हणून पोरगं जातं. सुप्रीम कोर्टाचा अवतार सिंग निकाल आहे २०१६ चा, त्यात म्हटलंय की तरुण वयातला किरकोळ गुन्हा असेल तर नेमणूक करणारा अधिकारी त्याकडे दुर्लक्ष करू शकतो. आणि केस लटकवत पण ठेवू नका, चालू फौजदारी केस असली की पासपोर्टला कोर्टाची परवानगी लागते. तारखेला गैरहजर राहिला तर वॉरंट निघेल, मग बाराशेची केस राहत नाही ती.

बी-३०२ : कळलं. वॉचमन काकांशी आज संध्याकाळी आम्ही दोघं बोलतो, एनसीचं काय ते मिटवून टाकतो

ए-१०४ : वहिनी राग मानू नका पण तुम्ही नको. पोराला पाठवा, एकट्याला, ड्युटी नसताना. साठीच्या माणसाला त्याने सगळ्यांसमोर मारलंय, माफी पण त्यानेच मागायची. आणि सेक्रेटरी साहेब, कमिटीतल्या कोणीही त्यांना सही कर म्हणून सांगू नये, त्यांची नोकरी आपल्या हातात आहे म्हणजे ती सही खुशीची राहणारच नाही. त्यांना केस करायची असेल तर तो त्यांचा हक्क आहे आणि त्यांना वकील परवडत नसेल तर मी स्वतः त्यांना विधी सेवा प्राधिकरणात घेऊन जाईन, १५१०० वर फोन केला तरी माहिती मिळते.

सेक्रेटरी : मान्य. कमिटीकडून कोणी बोलणार नाही.

बी-३०२ : बरोबर आहे काका. त्याला आत्ताच वाचायला दिलंय हे सगळं. वकील तुमच्या ओळखीचा कोणी असेल तर नंबर पाठवाल का?

ए-१०४ : पर्सनलवर पाठवतो. तारखेला समन्सची मूळ प्रत, आधार, कॉलेजचं बोनाफाईड आणि मार्कशीटच्या झेरॉक्स घेऊन साडेदहालाच पोचा, अर्ज पुकारा व्हायच्या आधी आत जायला हवा. मी येतो सोबत.