व्हेन्लाफॅक्सिन बंद केल्यापासून डोक्यात करंट बसल्यासारखं होतंय

मृण्मयी_क:
डिप्रेशनसाठी व्हेन्लाफॅक्सिन ७५ चालू होती. बरेच महिने छान गेले, म्हणून डॉक्टरांनी आधी ३७.५ वर आणलं आणि मग बंद करायला सांगितलं. ३७.५ वर काहीच जाणवलं नाही. ती थांबवली आणि दुसऱ्याच दिवशी सुरू झालं. नजर एका बाजूकडून दुसरीकडे वळवली की डोक्यातून झर्रकन करंट जातो. जिना उतरताना कठडा धरावा लागतो. स्वप्नं इतकी खरी पडतात की जाग आल्यावर, मी कुणाशी खरंच भांडले का, ते आठवून बघावं लागतं. हातातून पेन पडलं तरी रडू येतं. घरचे म्हणतात, आजार परत आला, आता गोळी कायमची. मला आतून तसं वाटत नाही, पण भीती बसली आहे. एक दिवसाआड घेऊन चालेल का?

निरंजन_प:
एक दिवसाआड नको, हे आधी सांगतो. ही गोळी शरीरातून फार लवकर जाते. साधारण ५ तासांत निम्मी, आणि तिच्यापासून तयार होणारा घटक ११ तासांत निम्मा. एक दिवस गाळला की पातळी तळाला, दुसऱ्या दिवशी पुन्हा वर. त्रास उलट वाढतो. फ्लुओक्सेटिन ही डिप्रेशनवरचीच दुसरी गोळी शरीरात कितीतरी दिवस रेंगाळते, म्हणून काही डॉक्टर आधी तिच्यावर आणून मग बंद करतात.

मी पॅरॉक्सेटिन सोडली तेव्हा मलाही शेवटचा टप्पाच सगळ्यात जड गेला. डोस अर्धा म्हणजे परिणाम अर्धा, असं नसतं. सिटालोप्राम या अशाच गोळीचं उदाहरण घ्या: २० मिलिग्रॅमलाच सेरोटोनिन ट्रान्सपोर्टर (मेंदूत ही औषधं जिथे चिकटून काम करतात त्या जागा) जवळपास ८० टक्के व्यापले जातात, ६० ला ८८ च्या आसपास. म्हणजे वरचा डोस उतरवताना फारसं कळत नाही, आणि खालच्या एवढ्याशा डोसवरून शून्यावर येणं म्हणजे कड्यावरून उडी. हॉरोविट्झ आणि टेलर या संशोधकांनी २०१९ मध्ये हेच मांडलं: शेवटी शेवटी टप्पे लहान लहान करत जायचं.

आजार परतला का? स्वतःला विचारा, डिप्रेशनमध्ये असा करंट जायचा का? आजार सहसा काही आठवड्यांनी, महिन्यांनी, हळूहळू डोकं वर काढतो. गोळी थांबवल्यावर लगेच उठलेला आणि ती परत घेतल्यावर एक-दोन दिवसांत ओसरणारा त्रास बहुधा गोळी सुटल्याचा असतो. डॉक्टरांना फोन करा आणि स्पष्ट विचारा: ३७.५ वर परत जाऊन त्याखालचे टप्पे करता येतील का? कॅप्सूल मात्र स्वतःच्या मनाने फोडू नका. आतले दाणे चुरडले तर औषध एकदम सुटतं.

मृण्मयी_क:
डिप्रेशनमध्ये मला रडूसुद्धा येत नव्हतं. नुसती दगडासारखी पडून असायचे. हे तुम्ही विचारल्यावर लक्षात आलं. सकाळीच फोन करते. घरच्यांना कसं समजावू?

शुभदा_१२:
माझा नवरा यातून गेलाय, म्हणून घरच्यांच्या बाजूने सांगते. त्याची चिडचिड बघून मलाही वाटलं होतं, सगळं परत पहिल्यासारखं झालं. मग आम्ही वही केली. रोज रात्री तीनच गोष्टी: डोस, झोप, करंट. डॉक्टरांनी ती वही वाचून पुढचा टप्पा लांबवला, आणि मलाही दिसायला लागलं की डोस उतरला की त्रास चढतो, मग आपोआप निवळतो. तुमच्या घरच्यांना ती वही भरायला द्या. तोवर गाडी चालवू नका. मरणाचे विचार आले तर सकाळची वाट बघू नका, तेव्हाच घरच्यांना उठवा आणि दवाखान्यात जा. आणि सोबत क्लोनाझेपाम (घबराटीवर, झोपेसाठी देतात ती गोळी) असेल तर तीही याच झपाट्यात थांबवू नका, ती अचानक सोडली तर फिट येऊ शकते.