उन्हात व्हॅनमधला फ्रिज सारखा बंद पडतो

प्रश्न: ४० लिटरचा, १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज. बॅटरीपासून ५ मीटर, वायर दीड स्क्वेअर एमएम. नागपुरात दुपारी कॉम्प्रेसर सुरू होतो न होतो तोच बंद! बॅटरी मात्र १२.३ व्होल्ट दाखवते. पेंचला निघायचंय, काय करू?

उत्तर: वायर बारीक पडतेय. जाऊन-येऊन १० मीटर. ५ अँपिअरला जवळपास ०.६ व्होल्ट वाटेतच जातात, सुरू होताना त्याहून जास्त. मग कटऑफ (व्होल्टेज कमी दिसलं की फ्रिज आपोआप बंद करणारी सोय) पडणारच. ६ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर थेट बॅटरीवरून ओढा, १५ अँपिअरचा फ्यूज बॅटरीजवळच. लायटरचं सॉकेट नकोच, ते ढिलं पडून तापतं. आणि व्होल्टमीटर फ्रिजच्या टोकाला लावा हो, कॉम्प्रेसर चालू असताना.

उत्तर: कटऑफ ‘लो’वर घ्याल, तर बॅटरी जास्त उतरेपर्यंत फ्रिज चालेल; म्हणून फ्रिजची बॅटरी वेगळी हवी, नाहीतर सकाळी गाडीच सुरू व्हायची नाही. फ्रिजच्या हवेच्या जाळीसमोर गाद्या रचू नका. दूध-भाजी आदल्या रात्री घरीच थंड करून भरा.