मदत हवी आहे: तिसरीतल्या मुलीला वजाबाकी समजावायची कशी?

नमस्कार मंडळी, आम्ही अमळनेर तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो, मुलगी जिल्हा परिषद शाळेत तिसरीला आहे. या आठवड्यात वर्गात दोन अंकी वजाबाकीची उजळणी चालू आहे, पुढच्या आठवड्यात तीन अंकी सुरू होणार असं बाईंनी सांगितलंय. काल तिची वही बघितली तर 52 − 27 = 35, 63 − 28 = 45, 40 − 16 = 36. सगळी गणितं एकाच पद्धतीने चुकलेली. तोंडी मात्र पक्की आहे, किराणा दुकानात पन्नासची नोट देऊन सुटे किती परत येतील ते बरोबर सांगते, मग वहीतच काय होतं?

मी आपलं लहानपणी शिकले तसं सांगितलं, की दोनातून सात जात नाहीत म्हणून पाचाकडून एक उसना घे. तर ती म्हणे, आई उसना घेतला तर परत कधी द्यायचा? शेजारून वाटीभर साखर आणली तर आपण दुसऱ्या दिवशी देऊन येतो ना. खरं सांगते मला उत्तरच देता आलं नाही. त्यात बाई वर्गात काड्यांचे गठ्ठे करून शिकवतात, दशक सोडायचा म्हणतात, आणि मी घरी उसना म्हणते, त्यामुळे ती अजून गोंधळली आणि रात्री वही मिटून रडली. मला खूप वाईट वाटलं. शनिवारी चाचणी आहे. घरी आमच्या सासूबाईंमुळे बोलणं सगळं अहिराणीत असतं, त्याचा काही परिणाम होत असेल का? कोणी शिक्षक असतील तर प्लीज सांगा.

प्रतिसाद: ताई, माझ्या मुलाचंही असंच होतं. आमच्याकडे आकड्यांचीच अडचण होती, बावन्न म्हणताना आधी दोन ऐकू येतो आणि मग पन्नास, म्हणून तो 25 लिहायचा. 2019 ला बालभारतीच्या दुसरीच्या गणितात वीस एक, वीस दोन असं वाचन आलं तेव्हा किती वाद झाला होता, पण माझ्या मुलाला पन्नास दोन म्हणूनच जमलं. एकदा करून बघा.

प्रतिसाद: ताई मी धुळे जिल्ह्यात प्राथमिकला शिकवतो. तुमची मुलगी हुशार आहे, काळजी करू नका. तिन्ही उत्तरांत ती प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा करतेय, वरचा अंक कुठला आणि खालचा कुठला ते बघतच नाही. तिला 52 म्हणजे एक संख्या दिसत नाही, पाच आणि दोन असे दोन वेगळे अंक दिसतात. आधी तिलाच पडताळा करायला लावा, 35 आणि 27 मिळवले की 62 येतात, मग चूक तिची तिलाच सापडेल, आपण सांगायची गरज नाही.

उसना शब्द काही दिवस बाजूला ठेवा. मुलीचा प्रश्न अगदी बरोबर आहे, कोणी कोणाकडून काही घेतच नाही, 52 चे 52 च राहतात, फक्त एक गठ्ठा सुटतो. पऱ्हाटीच्या नाहीतर तुरीच्या काड्या घ्या, दहा-दहाचे पाच गठ्ठे रबर लावून आणि दोन सुट्या. सात सुट्या काढायला सांगा. तिला स्वतःच्या हाताने रबर काढू द्या, हे महत्त्वाचं आहे, तुम्ही काढू नका. आता चार गठ्ठे आणि बारा सुट्या. निपुण भारत हे केंद्र सरकारचं अभियान 2021 ला आलं तेव्हापासून तिसरीपर्यंत पायाभूत वाचन आणि गणितावर भर आहे, वर्गातल्या काड्या त्यासाठीच आहेत, बाईंचं बरोबर चाललंय.

आणि अहिराणीचं म्हणाल तर उलट फायदाच आहे. सासूबाई विसांनी मोजतात का? त्यांना 52 कसे म्हणतात ते विचारा.

धागाकर्ती: सर, विचारलं! त्या शेणाच्या गोवऱ्या मोजत होत्या, म्हणाल्या, "दोन ईसा आनि बारा शेतस व माय." म्हणजे चाळीस आणि बारा!! काड्या सोडल्यावर पोरीसमोर तेच तर होतं, चार गठ्ठे आणि बारा सुट्या. ती आजीकडे बघतच राहिली. मग बारातून सात गेले पाच, चाळीसातून वीस गेले वीस, पंचवीस. वहीत स्वतः खोडून लिहिलं.

प्रतिसाद (धुळ्याचे सर): वा! फक्त एवढं लक्षात ठेवा, आजीची ही युक्ती तीस, पन्नास, सत्तर, नव्वदच्या घरातच जमेल. 63 म्हणजे तीन ईसा तीन, तिथे गठ्ठा सोडावाच लागेल.

धागाकर्ती: हो सर, 63 चं काड्यांनीच केलं, 35 आलं. आता शेवटचं विचारते, पुढच्या आठवड्यात 304 − 128 सारखी गणितं येतील, तिथे दशकाच्या घरात शून्य आहे, मग गठ्ठा कुठला सोडायचा?

प्रतिसाद (धुळ्याचे सर): तिला विचारा, 304 रुपयात दहाच्या नोटा किती येतील? तीस, आणि वर चार रुपये. त्यातली एक मोडली की 29 नोटा आणि 14 सुटे. 14 मधून 8 गेले 6, 29 मधून 12 गेले 17. उत्तर 176. दुकानातलं गणित तिला येतंच, तिथूनच सुरुवात करा.